गुप्तेकाकांचे तीन अँप्लिफायर

गाणं लावण्याआधी गुप्तेकाका मल्टिमीटर काढायचे. मांजलपूरला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये त्यांनी एका फळीवर तीन अँप्लिफायर मांडले होते. एक स्वतः बांधलेला, जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या वाल्वचा, एक ट्रान्झिस्टरचा, आणि मुलाने परदेशातून आणलेला तळहाताएवढा चिपचा. स्पीकर तेच, फक्त बटण फिरवून अँप्लिफायर बदलायचा.

"मोठं वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं, मुली. आधी तिघांना एका पातळीवर आणायचं, मगच निकाल द्यायचा," ते म्हणत.

वाघोडियाच्या एका कारखान्यात यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी झाली. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून श्रोता म्हणून त्यांनी मला धरलं. त्यांचा निकाल ठरलेला असे, आणि शेवटी गुजरातीची फोडणी. "ट्रान्झिस्टर खरं बोलतो. वाल्व थोडं गोड खोटं बोलतो. चिप बोलतच नाही, नुसतं वाचून दाखवते. साफ छे, पण मजा नथी."

मालतीकाकू गेल्या, आणि गाणी थांबली. मग एकच टेप वाजू लागली. काकूंनी सुनेसाठी चकलीच्या भाजणीची कृती सांगितली होती, ती. "धणे... थांब हं, धणे किती बरं," असं म्हणून काकू मध्येच आठवत राहतात. काका ती कृती तिन्ही अँप्लिफायरवर पुन्हा पुन्हा ऐकायचे.

एका रविवारी दुपारी त्यांनी मला बोलावलं. "मी तुझ्याकडे पाठ करून बसतो. तू बटण फिरव. मी ओळखतो."

दहा वेळा फिरवलं, दहाही वेळा बरोबर. चिपला तर ते लगेच म्हणायचे, "ही खोली रिकामी आहे." अकराव्या वेळी मला खोडी सुचली. मी टेपच बंद केली आणि बटण वाल्ववर आणलं.

"वाल्व," काका म्हणाले. "आता ती बसली."

"काका, टेप बंद आहे."

"माहीत आहे. शांतिथी. शांतपणे ऐक."

स्पीकरमधून श्वास येत होता. संथ, आणि सोडताना बारीक शीळ घालणारा. शेवटच्या वर्षी दम्याने काकूंचा श्वास तसाच झाला होता.

काकांनी उठून पेन्सिलीने वाल्ववर हलकेच टिचकी मारली. स्पीकरमध्ये 'ठक' वाजलं. "जुना वाल्व कधी कधी माइकसारखा वागतो," ते म्हणाले. "खोलीत जे असेल ते पकडतो."

"मग हा तुमचाच श्वास आहे."

त्यांनी पंखा बंद केला, नाक-तोंड दाबून धरलं आणि मलाही तसंच करायची खूण केली. आम्ही दोघं श्वास रोखून उभे राहिलो. स्पीकर श्वास घेत राहिला.

मी तडक घरी आले. त्यानंतर महिनाभर त्यांच्या दाराकडे मी पाहणंही टाळलं.

मग एका सकाळी काकाच आले. हातात चादरीत गुंडाळलेला वाल्वचा अँप्लिफायर होता. चेहरा प्रसन्न, दाढी केलेली.

"हा तू ठेव. मला आता लागत नाही."

"का?"

"आता असंच ऐकू येतं," नळाला पाणी आलं म्हणावं इतक्या साधेपणाने ते म्हणाले. "दिवसभर येतं. घाबरलीस त्या दिवशी, नाही? मी विचारायला यायला हवं होतं."

आठ दिवसांनी काका गेले. सकाळी दूधवाल्याला दार उघडलं नाही, एवढंच.

तेराव्यानंतर मी तो अँप्लिफायर माझ्या घरच्या स्पीकरला जोडून चालू केला. कशासाठी, ते मला नीट सांगता येणार नाही. वाल्व हळूहळू लाल झाले. पंखा बंद करून मी समोर बसले. स्पीकरमधून नुसती गुणगुण येत होती, श्वास कुणाचाच नव्हता. तासभर थांबले. मुलांचे आवाज, खालच्या स्कूटरी, सगळं ऐकू आलं, पण ते खिडकीतून.

स्मशानातही पटलं नव्हतं. काका खरोखर गेले आहेत, हे मला त्या तासात पटलं. आणि एकटे गेले नाहीत, हेही.