पाचव्या फाऊलचा चेंडू

त्या खंडेनवमीला अण्णा हॉस्पिटलात होता. हृदयाचा झटका येऊन गेला होता, स्टेंट बसवला होता, आणि डॉक्टरांनी आणखी दोन दिवस ठेवून घेतलं होतं. वैनी त्याच्यापाशी होती. धारवाडजवळ उणकलच्या घरी मी एकटी.

अण्णा माझा थोरला भाऊ. जन्मभर शाळेत पी.टी. मास्तर, आणि सुट्टीच्या दिवशी बास्केटबॉलचा पंच. मी इथल्याच लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. लग्न केलं नाही, पहिल्यापासून त्यांच्याच घरी राहिले. खंडेनवमीला लोक मशीन, गाडी, पुस्तकं मांडतात. अण्णा आपली शिट्टी आणि एक बास्केटबॉल पाटावर मांडायचा. यंदा तो नाही म्हणून पूजा चुकायला नको, असं मला वाटलं.

चेंडू साधा नव्हता. धारवाडला एका मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात अण्णा पंच होता. एका संघात म्हैसूरकडची एक खेळाडू होती, तेव्हा देशाच्या संघातून खेळणारी. लोक तिलाच बघायला आले होते. शेवटची दोन मिनिटं राहिली असताना अण्णाने तिला फाऊल दिला. तिचा पाचवा. पाच झाले की खेळाडू बाहेर. तिने हातातला चेंडू अण्णाच्या पायाशी आपटला आणि निघून गेली. तिचा संघ हरला. लोकांनी अण्णाच्या अंगावर पाण्याच्या बाटल्या फेकल्या, त्याला ऑफिसात नेऊन बसवावं लागलं. तासाभराने ती स्वतः तिथे आली आणि सामन्याचा चेंडू त्याच्या हातात देऊन गेली. त्यावर निळ्या शाईत तिची सही, आणि सहीच्या वर कन्नडमध्ये एक ओळ: ‘सीटी सरी इत्तु.’ शिट्टी बरोबर होती.

पुढे ती निवृत्त झाली, तिचं नाव आणखी मोठं झालं. जुन्या खेळाडूंच्या वस्तू जमवणाऱ्या बेंगळुरूच्या एका गृहस्थाने चेंडूसाठी दोनदा फोन केला. अण्णाने त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. “पंचाला लोक शिव्या देतात,” तो म्हणायचा, “लिहून कोण देतं?”

तर त्या दिवशी मी शिट्टीला गंध लावलं आणि चेंडूला ओलं कुंकू. हात थोडा जास्तच ओला होता. कुंकवाचा ओघळ खाली आला आणि त्या ओळीपर्यंत गेला. ओल्या फडक्याने पुसलं तर डाग पसरला. अण्णाच्या इन्सुलिनच्या सुयांबरोबर आणलेली स्पिरिटची बाटली कपाटात होती. मी कापसावर थोडं घेतलं आणि फक्त कडेने फिरवलं.

कुंकू निघालं. कापूस उलटून पाहिला तर तो निळा होता.

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण ओळीचा अर्धा भाग फिसकटलेला बघून मला राहवेना, आणि सारखं करायच्या नादात मी उरलेलंही पुसलं. दोन मिनिटांनी चेंडूवर कुठे काही लिहिलेलं होतं हेसुद्धा कळेना. मी पाटापुढे बसून राहिले. सकाळीच वैनीने फोनवर सांगितलं होतं, “डॉक्टर म्हणतात, मनाला लागेल असं काही कानावर घालू नका.”

आदल्या वर्षीच्या पूजेचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये होता. मोठा करून पाहिला. अक्षर स्पष्ट होतं. मी चित्रकलेची बाई. रेषेची जाडी, वळण, कुठे हात दाबलाय, कुठे उचललाय, हे मला दिसतं. कागदावर तीस-चाळीस वेळा काढलं. मग निळा मार्कर घेतला आणि श्वास धरून एका झटक्यात चेंडूवर लिहिलं. ओळ आणि सही, दोन्ही.

अण्णा घरी आला तेव्हा पायातल्या चपला काढायच्या आधी शोकेसकडे गेला. चेंडू हातात घेतला, फिरवला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

“पूजा तू केलीस?”

“हो.”

“बरं केलंस,” म्हणाला आणि ठेवून दिला.

तो बरा झाला की सांगू, असं ठरवलं होतं. तो बरा झाला. उणकलच्या तळ्याभोवती रोज फेऱ्या मारायला लागला. मी सांगितलं नाही. दोन वर्षं गेली.

मग एका सकाळी अण्णाने पेपर माझ्यापुढे सरकवला. धारवाडच्या एका कॉलेजात नवीन कोर्टाचं उद्घाटन होतं आणि ते करायला ती येणार होती.

“आपण जाऊ,” तो म्हणाला. “चेंडू घेऊन जाऊ. बघू तिला आठवतंय का.”

त्या आठवड्यात मी नीट जेवले नाही. गर्दी असते, उन्हात उभं राहावं लागेल, तुझ्या तब्येतीला झेपणार नाही, असं सगळं बोलून पाहिलं. वैनीलाही मध्ये घातलं. अण्णाने कोर्टावर घालायचे पांढरे बूट काढून त्यांना खडू लावला.

उद्घाटन सकाळी दहाला होतं. आम्ही उणकलहून बस पकडली. अण्णा खिडकीशी, मी त्याच्या शेजारी, चेंडू कापडी पिशवीत माझ्या मांडीवर. नवनगरपाशी मी म्हटलं, “अण्णा, एक सांगायचंय.” तो वळला. त्याच्या चेहऱ्यावर लग्नाला निघालेल्या माणसासारखा आनंद होता. “काय गं?” मी म्हटलं, “गोळी घेतलीस ना?” त्याने खिशातली डबी दाखवली. धारवाड येईपर्यंत मी आणखी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

भाषणं झाली, फीत कापली. मग लोक तिच्याभोवती रांग लावून उभे राहिले. ती आता पन्नाशीच्या आसपास होती, केस पिकलेले, एका गुडघ्याला पट्टा. आमची पाळी यायला वीसेक मिनिटं लागली असतील. मला रांगेतला प्रत्येक माणूस पुढे सरकताना आठवतो.

अण्णा समोर गेला आणि काही बोलायच्या आतच ती म्हणाली, “पाचवा फाऊल.”

अण्णा हसला. त्याचे डोळे भरून आले होते. “तुम्ही दिलेला चेंडू आणलाय, मॅडम.” आणि माझ्याकडे हात केला.

मी पिशवी उघडली. तिने चेंडू घेतला, ओळ वर येईल असा फिरवला आणि पाहत राहिली. फार वेळ. अंगठा सहीवरून एकदा गेला, परत आला. तिने भुवया जवळ घेतल्या, मग अण्णाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्या सैल सोडल्या. मला कळलं की तिने ओळखलंय आणि या म्हाताऱ्या माणसाला ती काही सांगणार नाही.

“छान जपलात, सर,” ती म्हणाली.

ते ऐकून माझ्याने राहवलं नाही. परक्या बाईला माझ्यापायी खोटं बोलावं लागत होतं.

“मॅडम, ती सही तुमची नाही,” मी म्हटलं. “मी काढलीय. पुसताना खरी गेली माझ्या हातून. अण्णाला माहीत नाही.”

अण्णा माझ्याकडे वळला.

“सही?”

“हो.”

“आणि ओळ?”

“ओळसुद्धा.”

तो शेजारच्या बाकावर बसला. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्याने घेतली नाही. त्याचा हात छातीकडे गेला आणि मी पुढे धावले. पण तो खिशातला रुमाल काढत होता. ती त्याच्या शेजारी बसली. चेंडू तिच्या मांडीवर होता.

“सर, आता सगळं खरंच बोलायचं चाललंय तर मीही एक बोलते,” ती म्हणाली. “ती ओळ मी मनापासून लिहिली नव्हती. चेंडू तुमच्यापुढे आपटला म्हणून कारवाई होईल, असं आमच्या कोचला वाटत होतं. त्यांनीच मला पाठवलं. माझा हात त्या समोरच्या संघातल्या मुलीला लागला नव्हता. तेव्हाही लागला नव्हता, आजही मी तेच म्हणेन.”

मी डोळे मिटून घेतले. एका सकाळी एका माणसाला इतकं पुरे होतं.

अण्णाने रुमाल घडी करून खिशात ठेवला.

“लागला होता,” तो म्हणाला. आवाज कोर्टावरचा होता. “मनगटाला. डाव्या.”

“नाही, सर. चेंडूला लागला.”

“चेंडूला नंतर. आधी मनगटाला. मी तिथून चार पावलांवर होतो.”

“तुमच्या-आमच्यामध्ये आमची सेंटरची खेळाडू उभी होती. तुम्हाला दिसलंच नसणार.”

“ती सरकली होती. उठा, दाखवतो.”

ती उठली. अण्णाही उठला. नव्या कोर्टाच्या कडेला, हार-तुऱ्यांच्या टेबलाशेजारी, दोघांनी तो क्षण मांडला. तिने चेंडू वर धरला, अण्णाने स्वतःचा हात तिच्या मनगटाशी नेला. ती म्हणाली असा नव्हता, असा होता. तो म्हणाला पाय कुठे होता ते बघा. आयोजक घड्याळ दाखवत होते. दोघांपैकी कुणीही तसूभर मागे हटलं नाही. मी पिशवी हातात घेऊन उभी होते, आणि अण्णाचा श्वास मोजत होते.

शेवटी तिने कुणाकडून तरी पेन मागितलं आणि चेंडूच्या दुसऱ्या बाजूला सही केली. फक्त नाव.

“ओळ लिहिणार नाही, सर.”

“नका लिहू,” अण्णा म्हणाला. “पण फाऊल होता.”

परतीच्या बसमध्ये चेंडू त्याने स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि सगळा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला. घरी आल्यावर वैनीला त्याने काय सांगितलं मला माहीत नाही, पण ती रडवेल्या चेहऱ्याने माझ्या खोलीत येऊन गेली. पुढे नऊ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. ताट वाढलं की जेवायचा, पेपर वाचून झाला की माझ्या बाजूला ठेवायचा, पण बोलायचा नाही. घरात भांड्याचा आवाज झाला तरी मी दचकायचे.

दहाव्या दिवशी शाळेतून आले तर तो पुढच्या खोलीत वाट बघत बसला होता.

“बस,” म्हणाला. “कसं झालं ते पहिल्यापासून सांग.”

मी सांगितलं. ओलं कुंकू, फडकं, स्पिरिट, कापूस. मध्ये तो पंचासारखे प्रश्न विचारत होता. कापूस निळा दिसल्यावर थांबली का नाहीस? उरलेलं का पुसलंस? मी उत्तरं देत गेले.

“घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी सांगायचंस. डॉक्टर काही म्हणोत.”

“भीती वाटली, अण्णा. तुला काही झालं तर.”

“ते पहिल्या महिन्यात. नंतर?”

नंतरचं उत्तर मी कधी स्वतःलाही दिलं नव्हतं. मी खाली पाहत म्हटलं, “तू ओळखलं नाहीस. मला वाटलं, किती हुबेहूब जमलंय. ते घालवावंसं वाटेना.”

अण्णा म्हणाला, “हे मला पटतं.”

तो रागावला नाही, हसलाही नाही. वैनीला हाक मारून दोन कप चहा ठेवायला सांगितला. दोन म्हणाला, एक नव्हे, एवढं माझ्या लक्षात आलं.

चेंडू शोकेसमध्येच आहे. आता तिची सही पुढे आणि माझी भिंतीकडे. शोकेसला त्याने कुलूप बसवलंय, किल्ली जानव्याला असते, आणि दसऱ्याच्या आधी काच पुसायची झाली तर तो स्वतः पुसतो. मी बाजूला उभी राहून कोरडं फडकं देते.