राजपुत्राचं सुतक
अंबडच्या बसस्थानकावरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर आज नव्या कागदाचा वास आला आणि मला दादाचा निथळणारा सदरा आठवला. थोरल्या भावाची, दादाची, नजर काचबिंदूने गेल्यावर मी त्याला दुपारी एक कादंबरीमाला वाचून दाखवत असे. ताऱ्याताऱ्यांवर भटकणाऱ्या राजपुत्राची ती गोष्ट दरवर्षी एका भागाने लांबायची. मेलेले राक्षस परत उठत, जिंकलेली राज्यं परत हातची जात. मी कंटाळलो होतो. दादा मात्र राजपुत्राच्या घोड्याचीसुद्धा काळजी करायचा. एका दुपारी मी पानावर नसलेलं वाक्य वाचलं, राजपुत्र मारला गेला. “बराबर वाचलं का?” दादाने विचारलं. “बराबर.” तो भिंत चाचपत न्हाणीत गेला आणि अंगावरच्या कपड्यांसकट डोक्यावरून गार पाणी ओतून आला. मी हादरलोच. “दादा, पुस्तकातला माणूस हाय तो!” “इतकी वर्षं घरात राह्यला. मंग त्याचं सुतक न्हाई धरायचं?” त्या रात्री तो जेवला नाही, आणि मी खोटं वाचलं हे माझ्या तोंडून निघेना. पुढचा भाग त्याने कधी मागितला नाही. मला हवं होतं तेच झालं. आज स्टॉलवर नवा भाग होता. मुखपृष्ठावर तोच राजपुत्र, घोड्यावर, दाढी पिकलेला. “घ्या काका,” स्टॉलवाला हसत म्हणाला, “हा गडी काही मरत न्हाई!” दादा गेला तो मात्र राजपुत्र आपल्या आधी गेला, असं समजूनच.