खरवडलेली जीभ

उजव्या बरगडीखाली सतत काहीतरी दाटून यायचं. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, तेव्हा मी आमच्या मनखूल भागातल्याच एका चिनी डॉक्टरीणबाईंकडे गेले. दोन्ही मनगटांची नाडी बघून त्या म्हणाल्या, "यकृतातली ची, म्हणजे प्राणशक्ती, कोंडलीय. राग आला की काय करता?"

काय करणार? आमच्याकडे भांडण नवऱ्याच्या "खलास!"वर संपतं. मग मी ओटा पुसते.

त्यांनी जीभ दाखवायला सांगितली. मी दाखवली, तर बाई वैतागल्याच. जिभेवरच्या थरावरून त्यांना आजार कळतो आणि माझी जीभ लख्ख! डॉक्टरकडे जायचं म्हणून त्या सकाळी तांब्याच्या पट्टीनं जरा जास्तच खरवडली होती. लहानपणापासूनची सवय.

"सगळं पुसून आलात, मी काय वाचू? तीन दिवस जीभ घासू नका, मग या."

घरी नवऱ्यानं मोबाइलमधून मान वर न करता विचारलं, "काय निघालं?"

वीस वर्षांचं सगळं तोंडाशी आलं होतं.

"काही नाही," मी म्हणाले.

"मग खलास."

दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या मी पट्टी घेतली आणि रक्त येईपर्यंत जीभ खरवडली.