ओव्हरब्रिजवरचे नारळ

बडोद्यात डोंगर नाही, ही गोष्ट मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळली. त्याआधी कधी गरजच पडली नव्हती. सुभानपुऱ्यातल्या आमच्या घरापासून माणूस थेट मांडवीपर्यंत चालत गेला, तरी वाटेत त्याला चढ म्हणून जे काही लागतं ते स्पीडब्रेकर असतात.

गरज पडली ती अशी. माझी बायको उज्ज्वला हिला दोन वर्षांपासून कंपवात आहे, म्हणजे डॉक्टर ज्याला पार्किन्सन म्हणतात तो. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, आणि नेमका उजवा हातच थरथरायला लागला. या आजारावर संशोधन करणाऱ्यांना मदत म्हणून गावातल्या काही मंडळींनी जवळच्या पावागढ डोंगराची चढाई ठरवली. चालणाऱ्याने ओळखीच्यांकडून देणगीचा शब्द घ्यायचा आणि पायथ्यापासून माचीपर्यंत घाटरस्त्याने पायी चढायचं. माची गाठली की देणगी पक्की. पुढे माथ्यावरच्या देवीच्या देवळापर्यंत जायचं की नाही, ही ज्याची त्याची हौस. जीप नाही, बस नाही, कुणाच्या स्कूटरची मागची सीटही नाही. मी ऐकलं त्याच दिवशी नाव देऊन मोकळा झालो. (घरी विचारून मी आजवर फक्त भाजी आणली आहे.)

डॉक्टर म्हणाले, तुमच्या गुडघ्यांनी हे करू नका. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, बाबा, त्यापेक्षा देणगी देऊन घरी बसा. मला कुणी 'करू नका' म्हटलं की ती गोष्ट मला करावीच लागते, हा माझा स्वभाव आहे आणि तो बदलायला मला काही कारण दिसत नाही. खरी अडचण उज्ज्वलाची झाली.

"माझ्या नावाने तुम्ही कशाला चालताय?" ती म्हणाली. "मला पाय आहेत अजून."

मी तिला समजावलं की घाटाचा रस्ता आहे, तोल गेला तर काय घ्या, तू घरी आराम कर. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की शाळेत असताना त्या नजरेने अख्खा वर्ग खाली बसत असणार. मी खाली बसलो नाही. 'नाही म्हणजे नाही' असं सांगून मी मांडवीत बूट घ्यायला गेलो.

आता सराव. बडोद्याचं सर्वांत उंच ठिकाण शोधायला निघालो आणि पुरता विचार करून ओव्हरब्रिजवर येऊन ठेपलो. रेल्वेचे रूळ ओलांडायला बांधलेला पूल, दोन्हीकडून उतार, मधोमध टेकाड! रोज पहाटे मी तो चढायचो आणि उतरायचो. दुधाच्या टेम्पोवाले हात करू लागले. शेजारच्या हसमुखभाईंनी मला दोनदा तिथे पाहिलं आणि काही वाईट विचार मनात असतील तर आधी आपल्याशी बोला, अशी कळकळीची विनंती केली. मी त्यांना पावागढची सगळी हकीकत सांगितली. ती सांगायला नको होती.

कारण पावागढ म्हटलं की बडोद्याच्या माणसाला संशोधन आठवत नाही, माताजी आठवते. हसमुखभाईंनी देणगीचा शब्द तर लगेच दिला, पण संध्याकाळी दारात येऊन लाल दोरा बांधलेला, कुंकू लावलेला एक नारळही माझ्या हातात ठेवला.

"मोहितेकाका, चालता जाओ छो, तो अमारुं एक श्रीफळ लेता जजो. माताजीने धरावीने पाछुं लेता आवजो."

म्हणजे नारळ वर न्यायचा, देवीला दाखवायचा आणि प्रसाद म्हणून परत खालीही आणायचा! वजन वर जाऊन कमी होईल ही आशासुद्धा नाही. तरी मी हो म्हटलं. देणगी देणाऱ्याला नाही कसं म्हणणार? ही बातमी सोसायटीत फिरली. जो देणगीचा शब्द देई तो सोबत नारळ देई, आणि काहींनी तर देणगी राहू द्या, नारळ तेवढा घ्या, असाही सोयीचा मार्ग काढला.

देणग्यांसाठी आम्ही रावपुऱ्यात माझ्या थोरल्या भावाकडेही गेलो. शालूवहिनींनी देणगी दिली, नारळ दिला (पायी जाणाऱ्याच्या हातून गेलेला नारळ देवीला जास्त पोचतो म्हणे) आणि चहा दिला. मला भरलेला कप आणि उज्ज्वलाला अर्धा. हल्ली सगळेच तिला अर्धा कप देतात. सांडू नये म्हणून देतात, प्रेमानेच देतात, आणि तिला ते मुळीच सहन होत नाही. तिने कप पुढे केला.

"वहिनी, भरा."

वहिनींनी भरला. थोडा बशीत गेला, थोडा साडीवर. उरलेला तिने शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि कप ठेवून मला म्हणाली, चला. मला खरं तर अभिमान वाटला होता. पण वाटेत मी तिला 'गरम होता, हात भाजला असता' असंच म्हणालो.

पावागढच्या आदल्या रविवारी मी ठरवलं की आता वजन घेऊन सराव करायचा. वजन घरात तयारच होतं. मुलाची कॉलेजातली जुनी पाठपिशवी काढली आणि त्यात सगळे नारळ भरले. उज्ज्वला म्हणाली, पिशवीची चेन गेलेली आहे. मी म्हटलं, सेफ्टी पिन आहे. मग ती म्हणाली की आज मीही येते, आणि तिच्याकडून पुलाच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवर बसायचं कबूल करून घेऊनच मी निघालो.

रविवार असल्याने त्या दिवशी उठायला उशीर झाला होता आणि पुलावर चांगलीच रहदारी होती. मी फुटपाथच्या कडेने चढू लागलो. पाठीवर अख्ख्या सोसायटीची श्रद्धा, खांद्यात पट्टे रुतलेले, पण मी मागे वळून टपरीकडे विजयी हात केला. अगदी माथ्याजवळ पोचलो, आणि पोटरीत असा गोळा आला की मी कठड्याला धरून खाली वाकलो. वाकल्याबरोबर सेफ्टी पिनेने आपलं काम सोडलं.

नारळ माझ्या डोक्यावरून बाहेर पडले आणि उताराला लागले. पहिला एकटाच गेला, मग बाकीचे सगळे एकदम. एक रिक्षाच्या चाकाशी अडला, दोन दुभाजकाला आपटून उडाले, उरलेले रस्ताभर पसरले. एवढ्यावर भागलं असतं. चार माणसं आली असती, उचलून दिले असते. पण लाल दोरा आणि कुंकू असलेला नारळ भर रस्त्यात पडलेला दिसला की आपल्याकडे कुणी तो नारळ समजत नाही. तो उतारा! कुणाची तरी पीडा, कुणीतरी ओवाळून टाकलेली. आणि इथे तर रस्ताभर उतारे!

"अडशो नहीं," एक स्कूटरवाला मागच्याला ओरडला. हात लावू नका. त्याने ब्रेक दाबला, त्याच्या मागच्याने दाबला, आणि बघता बघता पुलाची एक बाजू ठप्प झाली. हॉर्न वाजवायलाही कुणी धजेना. एक पोलीस आला, तोही नारळांपासून सुरक्षित अंतर राखून उभा राहिला आणि हे कुणाचं आहे असं विचारू लागला. मी कठड्याला लटकून 'माझे आहेत' म्हणालो. पोटरीतल्या कळेमुळे माझा चेहरा काय झाला होता कोण जाणे, कारण हे ऐकून जवळची दोन माणसं मागे सरकली.

तेवढ्यात खालून उज्ज्वला येताना दिसली. टपरीवर बसायचं कबूल केलेली माझी बायको भर रस्त्याने पूल चढत येत होती आणि येता येता एकेक नारळ उचलून पदरात घालत होती. हात नेहमीपेक्षा जास्त थरथरत होता. घाई झाली की तो थरथरतोच. सगळा पूल बघत राहिला. कुंकवाचे नारळ, भरलेला पदर, मोकळे सुटलेले केस आणि थरथरणारी बाई! एका रिक्षातून एक म्हातारी उतरली, चपला काढल्या, आणि हात जोडून म्हणाली, "माताजी पधार्यां."

मग आणखी दोघातिघांनी हात जोडले. पोलिसाने टोपी काढली. मला वाटलं, आता ही लाजेने कोसळणार. मी ओरडून सांगणार होतो की अहो, आजारी आहे ती, जाऊ द्या तिला. पण तिनेच मान वर केली आणि त्या म्हातारीला शांतपणे म्हणाली, "बेन, माताजी नथी. बीमारी छे."

आणि मग रस्त्याच्या मधोमध उभं राहून तिने सगळं सांगितलं, शाळेत सांगायची तसं, मागच्या बाकावर ऐकू जाईल अशा आवाजात. या आजारात हात का कापतो, त्यावर पक्कं औषध अजून का नाही, ते शोधायला मदत म्हणून आम्ही पावागढ चढणार आहोत. आम्ही! "माझ्या अंगात काही आलेलं नाही," ती म्हणाली. "अंगातून काहीतरी निघून गेलंय, ते शोधतोय." हे तिने गुजरातीत सांगितलं आणि मराठीत माझ्याकडे बघून पुन्हा सांगितलं. हात तिने पदराखाली लपवला नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा मी तिला चारचौघांत हात न लपवता उभी पाहिली, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (पोटरीमुळेही आलं असेल, पण सगळं पोटरीमुळे नव्हतं.) म्हातारीने तिथल्या तिथे देणगीचा शब्द दिला. पोलिसानेही दिला आणि मग मला पूल अडवल्याबद्दल पोटभर झापलं.

रस्त्यावर पडलेले नारळ परत घ्यायला सोसायटीत कुणी तयार होईना. पुढचा आठवडा आम्ही खोबऱ्याच्या वड्या खाल्ल्या. उज्ज्वलाने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, चाला की, तुमच्यासाठी चालणं औषधच आहे. तिने स्वतःचं नाव दिलं. मी विरोध करून पाहिला, पण माझा आवाज मलाच पटेना.

पावागढला आम्ही बरोबर निघालो. पहिल्या वळणापर्यंत मी तिला 'जपून' म्हणत होतो. दुसऱ्या वळणावर ती मला म्हणू लागली. तिसऱ्या वळणावर मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो आणि पाय माझे आहेत यावरचा माझा विश्वास उडाला. मागून मदतनिसांची एक मुलगी चाकाची खुर्ची ढकलत आली. तिने एकदा उज्ज्वलाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि अदबीने उज्ज्वलाला विचारलं, "आंटी, पेशंटला खुर्चीत बसवू का?"

उज्ज्वला थांबली. कापणाऱ्या हाताने तिने माझ्या कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाली, "बसव, बेटा. पण सांभाळून ने, फार हट्टी आहेत." आणि माचीच्या दिशेने चालू लागली. ती पोचलीसुद्धा. मी माघार घेतली असं मात्र कुणी म्हणू नये. मी शेवटपर्यंत वरच जायचं म्हणत होतो. खुर्चीचं तोंड पायथ्याकडे होतं.