शिवाचा डावा हात

कडेगावच्या स्टँडवर सकाळी मिरजेची एसटी लागली, तेव्हा माझ्या ओठाला टाके होते आणि एक डोळा नीट उघडत नव्हता. आबा फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी माझी ट्रंक टपावर चढवली, खाली उतरले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "मान खाली घालून चाललायस, तशीच खाली घालून ऱ्हा." आईनं खिडकीच्या गजांतून हात घालून माझं मनगट धरलं. "कुणाला हात लावू नगंस, मारुती." गाडी हलली तरी तिनं मनगट सोडलं नाही. चार पावलं तशीच चालली.

गावात राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना मी का गेलो ते माहीत आहे, पण प्रत्येकाला वेगळं. माझ्यासारखी जी पोरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात तमिळ मुलखात गेली, त्यांनीही कधी सरळ विचारलं नाही. म्हणून एकदा लिहून टाकतो.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. आमच्या तालमीत दस्तगीर वस्ताद शिकवायचे. दिवसा कापूस पिंजून गाद्या भरायचे आणि सकाळ-संध्याकाळ आमच्या पाठीत काठी घालायचे. मातीत उतरण्याआधी आम्ही त्यांचे वस्ताद, त्या वस्तादांचे वस्ताद, अशी पाच नावं घेऊन माती कपाळाला लावायचो. त्यांत मुसलमान होते, जैन होते, रामोशी होते. आम्हाला ती एकाच घरातली माणसं वाटायची. वस्ताद म्हणायचे, "सहावं नाव माझं. सातवं तुमा दोघांतल्या कुणाचं तरी." दोघं म्हणजे मी आणि शेजारच्या गावचा शिवा.

आम्हा दोघांनाच त्यांनी एक पकड दिली होती. समोरच्याचा हात काखेत दाबून कोपर उलटं फिरवायचं. ती शिकवताना वस्तादांनी दोघांच्याही कानाखाली एकेक वाजवली होती, लक्षात राहावी म्हणून. "गुडगा टेकला की सोडायचं. हाड मोडायसाठी न्हाई ह्यो डाव."

पुढं शिवा कोल्हापूरच्या मोठ्या तालमीत गेला. वर्षानं कुंडलच्या बाजूच्या एका जत्रेत आमची जोड लागली. शिवा आता माझ्यापेक्षा लय ताकदीचा झाला होता. दोनदा त्यानं मला खाली घेतलं. झटापटीत त्याचं डोकं लागून माझा ओठ फाटला. तोंडात रक्त आणि माती एकत्र झाली. आमच्याच गावची माणसं मला आईवरून शिव्या देत होती. तेवढ्यात शिवाचा डावा हात माझ्या काखेत सापडला.

मी कोपर फिरवलं. त्याचा गुडघा टेकला. "मारत्या, सोड," तो हळू म्हणाला. पंचांनी 'सोड' म्हणून माझ्या पाठीवर थाप मारली. मी सोडला नाही. शिवानं शिवी दिली, घामानं हात घसरला, अशी कारणं मी नंतर लोकांना सांगितली. ती खोटी आहेत. मी हरत होतो, एवढंच कारण. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज आला आणि शिवा लहान मुलासारखा ओरडला.

मग त्याच्या गावची माणसं काठ्या घेऊन मातीत घुसली. पहिली काठी माझ्या डोळ्यावर बसली. मी पडलो, तसे वस्ताद माझ्यावर पालथे पडले. साठीतला माणूस. त्यांच्या पाठीवर, डोक्यावर काठ्या पडत होत्या आणि प्रत्येक घावाला त्यांचं अंग माझ्या अंगावर आदळत होतं. त्यांच्या कानातलं रक्त माझ्या मानेवर ओघळलं. तो कान पुढं कायमचा गेला.

तिसऱ्या दिवशी डोक्याला पट्टी बांधून ते आमच्या दारात आले. आत आले नाहीत. "तालमीत येऊ नगंस," म्हणाले. "गावातबी ऱ्हाऊ नगंस. तुला कुणी मारलं तर त्यांच्यातली दोन पडतील." आबांनी त्याच दिवशी कोईमतूरला मामांना तार केली.

कोईमतूरला मी मामांच्या सोनं गाळायच्या भट्टीसमोर बसलो. तेजाबाच्या धुरानं छाती जळायची. बाजारात सगळे मला सेट्टू, म्हणजे शेठ, म्हणायचे, तालीम कुणाला ठाऊक नव्हती. दुसऱ्या वर्षी माझी सायकल एका हमालाला धडकली आणि तो मला मारायला लागला. सवयीनं त्याचा हात माझ्या काखेत आला. कोपर फिरलंसुद्धा. मी ते सोडून दिलं आणि हात खाली टाकून उभा राहिलो. त्यानं माझे पुढचे दोन दात पाडले.

पाच वर्षांनी भावाचं पत्र आलं की वस्ताद गेले. मी पोचलो तोवर दफन होऊन आठवडा झाला होता. संध्याकाळी तालमीत गेलो, तर मातीत शिवा उभा. डावा हात कोपरातून वाकडा, आणि भोवती दहा-बारा पोरं. वस्ताद स्वतः त्याच्या गावी जाऊन त्याला पोरं शिकवायला घेऊन आले होते, हे मला कुणी कळवलं नव्हतं.

त्यानं मला बघितलं, पोरांना बाजूला सारलं. मग म्हणाला, "उतर मातीत."

मी सदरा काढून उतरलो. त्यानं चांगल्या हातानं माझा हात ओढून काखेत घेतला आणि कोपर फिरवलं. माझा गुडघा टेकला. तो थांबला नाही. खांद्यापासून बोटांपर्यंत आग उठली, डोळ्यांपुढं अंधारी आली. सोड म्हणायचं तोंड मला नव्हतं. पोरं जवळ सरकली.

"नीट बघा रं," शिवा त्यांना म्हणाला. "हितं सोडायचं." आणि त्यानं सोडला.

मी मातीत बसून राहिलो. अगदी पोटभर रडलो. तो शेजारी बसला. "वस्ताद तुजी लय वाट बगत हुते," एवढंच बोलला. तो हात मला दोन महिने वर करता येत नव्हता. कोईमतूरला भट्टीवरचं माझं काम हाताखालचा भाचा करायचा.

आज माझी मुलं घरात तमिळ बोलतात. आई-आबा राहिले नाहीत, जमीन भाऊ कसतो, तालमीवर सिमेंटचं छप्पर आलंय म्हणे. मुलं विचारतात, गावाकडं आता आपलं कोण आहे? मी म्हणतो, शिवा आहे. ती म्हणतात, तो आपला कोण लागतो? त्याला शब्द मला तमिळमध्ये सापडत नाही, आणि मराठीतही नाही.