मार्गशीर्षातला टेंट

मार्गशीर्षात घरात मासळी बंद असताना नवऱ्याला अचानक तलावाकाठच्या निसर्गाची ओढ लागली, तर पत्नीने काय समजावे? सांगा!

मी निवृत्त शिक्षक आहे. बोईसरला आमचे हरिपाठाचे मंडळ आहे. माणूस निवृत्त झाला की पगार थांबतो, किस्से थांबत नाहीत. आमच्या मंडळात साठलेले निम्मे किस्से एकट्या प्रभाकररावांचे आहेत.

प्रभाकरराव मूळचे मालवणचे, वीज प्रकल्पात नोकरी केलेले. त्यांची मुलगी गरोदर होती. पहिल्या खेपेस पदरी दुःख आले होते. म्हणून त्यांच्या पत्नी सुनंदावहिनींनी महालक्ष्मीला शब्द दिला की मार्गशीर्षभर घरातले कोणीही मासे खाणार नाही. प्रभाकररावांनी देवीपुढे हात जोडून होकार दिला. पुढच्याच आठवड्यात त्यांनी वाणगावजवळच्या एका तलावाकाठी दोघांसाठी वीकेंडचा टेंट बुक केला.

वहिनी मला म्हणाल्या, "सर, तुम्हीही चला."

कारण त्यांनी सांगितले नाही. मीही विचारले नाही.

*

टेंट ज्याचा त्याने उभारायचा, असा तिथला नियम. कॅम्पची व्यवस्था पाहणारी जनाबाई मदतीला आली, तर प्रभाकरराव म्हणाले, "बाई, मी टर्बाइन सांभाळलेत!"

थोड्या वेळाने टेंट उभा राहिला. प्रभाकरराव आत होते, पण बाहेर येण्याचा मार्ग दिसेना.

"साहेब, दार जमिनीकडं घातलंय तुमी!" जनाबाई ओरडली. मग वहिनींकडे वळून म्हणाली, "उचलू का?"

"थांब जरा," वहिनी म्हणाल्या. "किती शांत वाटतंय!"

*

शेजारच्या टेंटमधली तरुण मंडळी निखाऱ्यांवर पापलेट भाजू लागली. प्रभाकररावांनी आपली खुर्ची हळूहळू वाऱ्याच्या दिशेने सरकवली.

"वास घेण्याने व्रत मोडत नाही," त्यांनी मला बजावले.

"वास म्हणजे अर्धे जेवण, असे म्हणतात," मी म्हणालो.

वहिनींनी कुकर उघडला. "मग यांना वरणभात अर्धाच वाढते!"

आणि अर्धाच वाढला.

*

संध्याकाळी त्याच मंडळींनी स्पीकर लावला. देवाच्या वेळेला हा धुडगूस मला सहन होईना. मी जाऊन दोन शब्द सुनावले. मुले संस्कारी निघाली, त्यांनी स्पीकर बंद केला.

प्रभाकररावांनी लगेच अभंग धरला. हरिपाठात त्यांचा आवाज टाळांच्याही वर जातो. इथे तर तलाव मोकळा होता. पलीकडच्या काठावरची कुत्री साथीला आली.

थोड्या वेळाने त्या मंडळींतला एक मुलगा हात जोडून माझ्यापुढे उभा राहिला. "काका, आम्ही आमचा बंद केला ना? आता तुम्ही तुमचा करा!"

*

रविवारी पहाटे प्रभाकरराव गळ घेऊन काठावर बसले.

वहिनींच्या कपाळावर आठी उमटली. ते घाईने म्हणाले, "अगं, हा खेळ आहे! मासा पकडायचा आणि सोडायचा. परदेशात सगळे हेच करतात."

जनाबाई चहा घेऊन आली होती. "सोडायचाच तर पकडता कशाला? त्याला काय कामधंदा नाय?"

मासा लागला. चांगला हातभर रोहू. "सोडून येतो," असे म्हणून प्रभाकरराव बादलीसह झाडीमागे गेले. बराच वेळ आले नाहीत.

*

ते परतले तेव्हा वहिनींनी टेंटपुढे देवीची तसबीर मांडली होती. आम्ही आरती सुरू केली. प्रभाकरराव टाळ्या वाजवत होते, मात्र तोंडातून अक्षर निघत नव्हते. डोळ्यांना पाणी आले होते. मला वाटले, भाव दाटून आला.

"घसा बसला का हो?" वहिनींनी काळजीने विचारले.

त्यांनी जोरजोरात होकारार्थी मान हलवली.

तेवढ्यात जनाबाई आपल्या झोपडीतून भाताचा गोळा घेऊन धावत आली. "साहेब, काटा उतरला का? नाय ना? ह्यो घ्या, चावू नका, तसाच गिळा!"

सोडतो म्हणाले, ते खरेच होते. कुठे सोडणार, हे आम्ही विचारले नव्हते. त्यांनी तो जनाबाईच्या तव्यावर सोडला होता!

काटा उतरला. वहिनींनी आरती पुरी केली आणि तसबिरीपुढे बराच वेळ डोके टेकून राहिल्या. त्या कोणासाठी काय मागत आहेत, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते.

"सुनंदा, देवी देईल ती शिक्षा घेतो," प्रभाकरराव कसेबसे म्हणाले. "पोरीवर काही येऊ नये."

वहिनी उठल्या. "बाळ सुखरूप येऊ दे. ते ज्या दिवशी आपल्या हाताने पहिला मासा खाईल, त्या दिवशी तुम्ही खा. तोवर नाही."

प्रभाकररावांनी देवीपुढे पुन्हा हात जोडले. या वेळी डोळे मिटून.

देवी दयाळू आहे. मुलगी सुखरूप सुटली, घरात नात आली. प्रभाकररावांनी आनंदाने साऱ्या मंडळाला पेढे वाटले.

नात आता बालवाडीत जाते. आजोबा दर रविवारी स्वतः बाजारातून सुरमई आणतात, स्वतः काटे काढतात आणि ताटली तिच्यापुढे धरून विनवतात, "खा गं माझी बाय, एकच तुकडा! आजोबांसाठी!"

ती नाक दाबते आणि म्हणते, "शी!"