भोईवाड्याचा हिरवा तुकडा

"सर, हा भोईवाड्याचा तुकडा हिरवा असूच शकत नाही," मी आमच्या प्रकल्पप्रमुखांना म्हटलं. हिरवा म्हणजे दमा कमी, लाल म्हणजे जास्त. आजूबाजूचा नकाशा नारिंगी आणि तिथल्या चाळीला लागून जुन्या इमारतींचं पाडकाम चालू, तरी तिथली पोरं म्हणे ठणठणीत.

मी संख्याशास्त्रज्ञ. मुलांच्या दम्याचा गल्लीगणिक अंदाज बांधायचं आमचं काम होतं. एवढ्याशा भागात मुलं थोडी, एक आजारी पडलं तरी आकडा उडी मारतो. म्हणून आमचं गणिती मॉडेल शेजारच्या भागांचा आधार घेऊन तो सावरतं. तेच उलटंही होतं. या हिरव्या तुकड्याने शेजारही फिका केला होता. सगळ्यात लाल भागात मुलांच्या श्वासाचं क्लिनिक निघणार होतं, आणि ते एकच होतं.

मी चाळीत गेले. खिडक्यांना ओल्या चादरी लावलेल्या. पहिल्याच खोलीत सावंतवहिनी भेटल्या.

"सर्व्हेवाल्यांनी विचारलं, घरात मुलं किती. सांगितलं, एक मुलगी. खोकते का? नाय."

"एकच मूल?"

"नाय ओ ताई, साईश पण आहे. धुळीने धाप लागायची त्याला. गावी धाडलाय सासूकडे. तिकडे हवा चांगली."

घरोघरी तेच. दम लागणारं पोर कोकणात, धडधाकट पोर इथे. गिरणगावात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, आणि प्रश्नावली लिहिताना आमच्यातल्या एकालाही ते सुचलं नाही. माझा संताप झाला.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, फील्डचं काम बंद झालंय. एका चाळीसाठी सगळ्या वॉर्डला पुन्हा विचारायचं? सर्व्हेच्या नेक्स्ट राउंडला घेऊ."

"पोरांनी तोवर काय करायचं?"

"मला डेडलाइन आहे."

माझं म्हणणं रिपोर्टात तळटीप म्हणून गेलं. क्लिनिक दुसरीकडे गेलं.

पुढच्या राउंडला प्रश्न वाढवला: आजारपणामुळे बाहेरगावी ठेवलेलं मूल आहे का? मी मुद्दाम वहिनींकडे स्वतः गेले.

"होता," त्या म्हणाल्या. "पावसात धाप लागली. दवाखाना लांब. सासूबाय एकटी, गाडी मिळेपर्यंत..."

फॉर्मवर 'नाही'ची खूण करावी लागली. साईशच्या मृत्यूची नोंद गावाकडची, आमच्या नकाशाबाहेरची.

नव्याने कामाला लागणाऱ्यांना मी आता एवढंच सांगते. आजारी मूल सापडलं नाही तर खूश होऊ नका, ते कुठे आहे ते विचारा. आणि वेळेत विचारा.